लो टाइडमधला खांब

कोणत्याही शहराचा सांस्कृतिक इतिहास मुख्यतः त्या शहरातल्या गैरहजर माणसांनी घडवलेला असतो. हजर माणसं थोडी असतात, त्यांना त्या दिवशी नेमकी सर्दी झालेली असते, आणि पुढे त्यांना फारसं काही आठवत नाही. गैरहजर माणसांना मात्र सगळं स्वच्छ आठवतं.

वेल्समधल्या ज्या शहराबद्दल मी लिहिते आहे त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं, तर यातलं सगळं घडलं तेव्हा आपण तिथे होतो असं सांगणारी पत्रं येतील, आणि अशी पत्रं वाचण्यात माझा पूर्ण हिवाळा गेलेला आहे. आमच्या शहरात पूर्वी एक बंदर होतं आणि एक पोलादाचा कारखाना होता. एक नदी अजूनही आहे. तिच्यात दिवसातून दोनदा पाणी असतं. उरलेल्या वेळात चिखल असतो. बंदर आणि कारखाना गेल्यावर शहराने संगीताकडे लक्ष वळवलं. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. संगीताला जागा कमी लागते, आणि ते बंद पडलं तर कोणी मोर्चा काढत नाही.

आमचं शहर अधिकृतरीत्या ‘संगीतनगरी’ झालं ते बरोबर त्या वर्षी, ज्या वर्षी शहरातली गाण्याची शेवटची जागा बंद झाली. काही लोकांना यात विसंगती दिसली. ती नाही. जिवंत संगीत चालू असताना सांगीतिक वारशाचं जतन करणं फार अवघड असतं, कारण त्यात रोज नवीन गाण्यांची भर पडत राहते. एकदा ते थांबलं की मोजदाद करता येते, फलक लावता येतात आणि पर्यटकांची बस सुरू करता येते. या कामासाठी शहर सांगीतिक वारसा मंडळ (यापुढे ‘मंडळ’) स्थापन झालं. मंडळात सात सभासद आहेत. त्यांपैकी एकालाही कोणतंही वाद्य येत नाही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेता येत नाही.

ती शेवटची जागा म्हणजे ‘लो टाइड’, अर्थात ओहोटी, या नावाचा क्लब. गोदीच्या रस्त्यावरचं एक तळघर. ते माझे बाबा चालवत. त्यांचं नाव एल्विन प्रॉसर, पण आमच्याकडे माणसाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळे सगळं शहर त्यांना एल्विन लो-टाइड म्हणे. दारात तिकीट ते फाडत, आवाज कमी-जास्त करायच्या पेटीवर ते बसत, बिअर ते देत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसत तेही तेच. ही कामं वेगवेगळ्या चार माणसांची आहेत असं समजणारे लोक मला पुढे भेटले.

क्लब बंद कसा झाला हेही सांगायला हवं, कारण त्यात कोणाचीच चूक नव्हती. शेजारच्या गोदामाच्या जागी एका बिल्डरने फ्लॅट बांधले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘संगीताच्या ठोक्यावर जगा.’ लोकांनी फ्लॅट घेतले, राहायला आले आणि त्यांना ठोका ऐकू आला. त्यांनी तक्रार केली. तपासणीस आला आणि त्याने बाबांना सांगितलं की संगीताला कोणाचाही विरोध नाही, फक्त ते ऐकू येता कामा नये. बाबांनी भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. मग आणखी गाद्या लावल्या. शेवटी शेवटी लो टाइडमध्ये इतक्या गाद्या होत्या की गाणाऱ्यालाही स्वतःचा आवाज ऐकू येईना, तेव्हा तपासणीसाने समाधान व्यक्त केलं आणि बाबांनी कुलूप लावलं. त्या फ्लॅटांचं नाव ‘लो टाइड रेसिडेन्सी’ आहे. तिथल्या लिफ्टमध्ये दिवसभर हळू आवाजात कोल्ड किचनची गाणी वाजतात. लिफ्टबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.

कोल्ड किचन हा आमच्या शहराचा बँड. चार मुलं, त्यांनी पुढे जग गाजवलं, मग एकमेकांशी बोलणं टाकलं. त्यांचा पहिला कार्यक्रम लो टाइडमध्ये झाला होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शहरात ‘त्या रात्री’ एवढंच म्हटलं तरी कोणती रात्र ते कळतं. ‘त्या रात्री मी तिथे होतो,’ हे वाक्य आमच्याकडे ओळख करून देताना नावाच्या आधी येतं. मंडळाने केलेल्या पाहणीनुसार त्या रात्री लो टाइडमध्ये एकोणीस हजार चारशे श्रोते उपस्थित होते. (अग्निशमन दलाचा परवाना नव्वद माणसांचा होता. पण त्या काळी माणसं बारीक होती, असं मंडळाने अहवालात नमूद केलं आहे.)

बाबा गेल्या शरदात गेले. आई आधीच गेली होती. अंत्यविधीला बरीच गर्दी झाली. आमच्या शहरात दोन माणसांचं कशावरही एकमत होत नाही, पण प्रार्थनागीत सुरू झालं की पुस्तक न उघडता सगळे आपोआप चार आवाजांत विभागले जातात आणि सुरात गातात, तेही झालं. मग दारात उभी राहून मी हात मिळवत होते, आणि एकेक जण मला सांगत होता.

“मी होतो बरं का तिथे. त्या रात्री.”

“मी पण होते, राणी. काय गर्दी, बाई गं.”

“खांबापाशी होतो मी. तुझे वडील नेहमी म्हणायचे.”

एकच माणूस हे बोलला नाही. मिस्टर सिरिल बोडनम. लो टाइडच्या वरच्या मजल्यावर शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांची सोसायटी होती, तिचे ते सेक्रेटरी. तीस वर्षं आवाजाबद्दल तक्रारी करणारे पहिले आणि सर्वांत चिकाटीचे तक्रारदार.

“तुझ्या बापाने माझी वार्षिक सभा बुडवली होती, पोरी,” ते हात पुढे करत म्हणाले. “तरी आलो.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडळाने जाहीर केलं की लो टाइडच्या जुन्या दारावर फलक लागणार. कोल्ड किचनचं नाव असणार, महापौरांचं असणार, बिल्डरचं असणार. मी अर्ज केला की त्यावर माझ्या बाबांचंही नाव असावं. मला आणखी काही नको होतं. त्यांच्या घरातल्या वस्तूंपैकी मी फक्त किटली आणली होती, आणि किटली माझ्याकडे एक होतीच. म्हणजे तसं पाहिलं तर त्यांचं माझ्याजवळ काहीच नव्हतं. दारावर नाव असलं तर कामावरून येताना वाचता आलं असतं.

मंडळाच्या अध्यक्ष मिसेस उना कॅडवॉलडर यांनी मला फार सहानुभूतीने बसवून घेतलं.

“अगं, माझी काहीच हरकत नाही. पण नियम आहे. फलकावर ज्याचं नाव लागतं तो त्या रात्री हजर होता, असं सांगणारा साक्षीदार लागतो. नात्यातला चालत नाही.”

“क्लब त्यांचाच होता.”

“क्लब त्यांचा होता याची कागदपत्रं आहेत. ते तिथे होते याची नाहीत. आता माझा स्वतःचा क्लब असता तर मी अशा पावसात घरीच थांबले असते.”

“पण तुम्ही तर तिथे होतात ना?”

“मी होते,” मिसेस कॅडवॉलडर म्हणाल्या. “खांबापाशी.”

मी तिथे होते, पण मुलगी असल्याने बाद. शिवाय झोपलेली होते. बँडमधल्या मुलांना मंडळाचं आधीच विचारून झालं होतं. ड्रम वाजवणारा आता हयात नाही. गिटारवाला समुद्रकाठी कॅरॅव्हॅन विकतो. तो म्हणाला, आमच्यासमोर दिवे होते, काही दिसत नव्हतं. गायकाने पोर्तुगालहून कळवलं की त्याला त्या दशकातली कोणतीच रात्र आठवत नाही. चौथ्याचा पत्ता कोणाकडेच नव्हता. उरले एकोणीस हजार चारशे. त्यांच्या लेखी साक्षी मंडळाच्या कपाटात होत्या. एवढ्या माणसांतून एकाने तरी बाबांना पाहिलं असेलच, म्हणून मी त्या वाचायला बसले.

साक्षी उत्तम होत्या. घामाचं वर्णन होतं, छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचं होतं, पहिलं गाणं सुरू होताच अंगावर आलेल्या काट्याचं होतं. आपल्या अंगात कोणतं जॅकेट होतं ते प्रत्येकाला आठवत होतं. दारात तिकीट कोणी फाडलं, याबाबत मात्र मतभेद होते. काहींच्या मते लाल केसांची मुलगी, काहींच्या मते कुत्रा घेतलेला एक खलाशी. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या मते दारात कोणीच नव्हतं आणि ‘तो काळच विश्वासाचा होता’. आवाजाच्या पेटीवर कोण बसलं होतं, हे कोणीच लिहिलं नव्हतं. आवाज आपोआप येतो अशी बहुसंख्य श्रोत्यांची समजूत असते. एका बाबतीत मात्र सगळ्या साक्षी शब्दशः जुळत होत्या. साक्ष देणारा प्रत्येक जण खांबापाशी उभा होता.

लो टाइडमध्ये खांब नव्हता.

याचा उलगडा मला कपाटापाशी बसूनच झाला, कारण एक प्रसंग माझ्या समोर घडला होता. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात एक नर्स बाबांची उशी सारखी करताना म्हणाली, “माझे वडील होते त्या रात्री तुमच्या क्लबमध्ये.” बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “उंच होते का?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, हो, तसे उंचच. “मग आठवतात मला,” बाबा म्हणाले. “खांबापाशी उभे होते.” नर्सला इतका आनंद झाला की तिने त्यांना त्या दिवशी जेलीची दुसरी वाटी दिली. मला वाटलं होतं, औषधांमुळे त्यांचा गोंधळ होतो आहे. आता कळलं की गोंधळ तीस वर्षांचा आणि पूर्ण शुद्धीतला होता. जो कोणी येऊन म्हणेल की मी त्या रात्री होतो, त्याला बाबा खांब देत. बुटक्या माणसालाही देत. अशा रीतीने एकोणीस हजार चारशे लोकांना त्यांनी आत घेतलं होतं, आणि त्यांतल्या एकालाही बाबा दिसले नव्हते.

मग मला मिस्टर बोडनम आठवले.

ते टेकडीवर राहतात. मागच्या अंगणात कबुतरांची खोपी आहे. मी गेले तेव्हा ते एका कबुतराचा पंख उलगडून पाहत होते.

“ती सभा कशी बुडाली, मिस्टर बोडनम?” मी विचारलं.

“बस. चहा घे. साखर संपलीय, मागू नकोस.” त्यांनी कबूतर आत सोडलं. “मंगळवार होता. पाऊस. टीव्हीवर रग्बी. मी त्याच महिन्यात सेक्रेटरी झालेलो. सभा वरच्या मजल्यावर, हे मला ठाऊक होतं. पण दारात तुझा बाप. म्हणतो कसा, ‘चला चला, आत चला, सुरू होतंय.’ मी म्हटलं, वा, काय शिस्त आहे. पैसे मागितले, मला वाटलं, वर्गणी. पावती मागितली तर म्हणाला, पावती नाही, पण आत ऊब आहे.”

“आणि तुम्ही खाली गेलात.”

“गेलो. गेल्या गेल्या डोकी मोजली. सेक्रेटरीचं पहिलं काम ते. सभेला बारा सभासद लागतात. अकरा होते, तुला धरून.”

“मला धरलंत?”

“कोटांच्या ढिगावर झोपली होतीस. श्वास चालू होता. जागं असायला पाहिजे असं नियमात नाही. आमचे अर्धे सभासद झोपलेलेच असतात. मी बारावा. गणसंख्या झाली, बसलो. मग ती चार पोरं वर चढली. मला वाटलं, नवीन कार्यकारिणी.”

“किती वेळ बसलात?”

“शेवटपर्यंत. सभा संपल्याशिवाय सेक्रेटरीला उठता येतं होय? आणि वर माझे खरे सभासद अकरा. एक कमी. सभा तहकूब. कमी पडला तो एक म्हणजे मी.” त्यांनी कप खाली ठेवला. “आयुष्यात विसरणार नाही मी ते.”

“बाबा काय करत होते?”

“पळत होता. दारात, मग त्या बटणांच्या पेटीवर, मग बिअर द्यायला, परत पेटीवर. मधेच एकदा येऊन स्वतःचा कोट काढून तुझ्या अंगावर टाकून गेला. अंगात नुसता शर्ट. मी मनात म्हटलं, हा उद्या तापाने पडणार.”

मी बिनसाखरेचा चहा संपवला. खोपीत कबुतरं घुमत होती.

“गाणी कशी होती?” मी विचारलं.

“वाईट.” त्यांनी विचार केला. “तिसरं बरं होतं.”

मंडळापुढे सुनावणी सकाळी अकराला झाली. मिस्टर बोडनम टाय बांधून आले होते. बाबांना दारात पाहिलं, पेटीवर पाहिलं, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. सभासदांनी माना हलवल्या, आणि मला वाटलं, झालं. मग कौन्सिलर टोवी यांनी केवळ जिव्हाळ्यापोटी एक प्रश्न विचारला.

“गर्दी कशी होती हो? सांगा ना जरा सगळ्यांना.”

“बारा.”

“बाराशे?”

“बारा माणसं. मला धरून. एक झोपलेलं.”

माना हलायच्या थांबल्या. बसच्या तिकिटावर, फ्लॅटच्या जाहिरातीवर आणि महापौरांच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर त्या रात्रीची गर्दी छापलेली आहे.

मिसेस कॅडवॉलडर यांनी चष्मा पुसला. “साक्षीदाराने खांब पाहिला का?”

“कसला खांब?”

“मधला.”

“मधे खांब नव्हता.”

“मग छत कशावर होतं?”

“भिंतींवर. बहुतेक छतं तशीच असतात.”

“मी स्वतः खांबाला टेकून उभा होतो,” कौन्सिलर टोवी म्हणाले. (त्या वर्षी ते पाच वर्षांचे असणार. पण उंच असावेत.)

“मग तू पडला असशील, बाबा,” मिस्टर बोडनम म्हणाले.

सुनावणी चहासाठी थांबवण्यात आली. मिसेस कॅडवॉलडर मला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. त्यांचा हात ऊबदार होता. त्या दुष्ट बाई नाहीत, हे मला इथे स्पष्ट करायचं आहे. अंत्यविधीला त्यांनी आणलेला केक सर्वांत चांगला होता.

“हे बघ, बाळ. त्या म्हाताऱ्याला घरी जाऊ दे. मी आणि टोवी, आम्ही दोघं लिहून देतो की एल्विनला आम्ही दारात पाहिलं. नाव लागेल. सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात. तू फक्त त्याची साक्ष मागे घे.”

“पण तुम्ही बाबांना पाहिलं नव्हतं.”

“आता आठवायला लागलंय.”

“आणि बारा माणसं?”

“बारा माणसांसाठी कोणी फलक लावतं का गं?” त्यांनी माझा दंड थोपटला. “तू मुलगी आहेस त्याची. बापाचं नाव लागावं असं नाही वाटत तुला? शुक्रवारपर्यंत सांग.”

वाटत होतं. वाटत नसतं तर ही कथा इथेच संपली असती.

मी परत टेकडीवर गेले. मिस्टर बोडनम खोपीतल्या फळ्या खरवडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

“मग घे मागे.”

“तुम्हाला चालेल?”

“माझं काय जातंय? मी कबुतरवाला. मला कुठे फलकावर बसायचंय.” थोडं खरवडून झाल्यावर ते म्हणाले, “मी त्याला विचारलं होतं एकदा. म्हटलं, एल्विन, ज्याला त्याला खांब काय वाटत सुटतोस? जे आलेच नाहीत त्यांना?”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, यायला हवं होतं असं वाटतंय ना त्यांना? मग तेवढ्यावर आत सोडायचं. उशिरा आलेल्याला दारात लाजवलं तर तो पुन्हा येत नाही, सिरिल.” ते हसल्यासारखं करून खोकले. “हा असला धंदा. म्हणून तर खंगला.”

“तुम्हाला कधी दिला त्यांनी खांब?”

“मला? छे. म्हणायचा, तू खरंच आला होतास, तुला कशाला लागतो? तीस वर्षं त्याच्याशी भांडलो मी, पोरी. आता खाली नुसती लिफ्ट वाजते. तिच्याशी काय भांडणार?”

बाबा माझ्या जागी असते तर त्यांनी मंडळाला हवी तशी सही दिली असती, यात मला शंका नाही. मिसेस कॅडवॉलडरांना दिली असती, टोवींना दिली असती, वर एकेक बिअरही दिली असती. पण खांब बाबांचा होता. तो कोणाला द्यायचा ते त्यांनी ठरवलं. मिस्टर बोडनम माझे नव्हते, की मी ते देऊन टाकावेत. जो एक माणूस तिकीट काढून, चुकून का होईना, पण आला आणि शेवटपर्यंत बसला, त्याला बाहेर काढून बाबांचं नाव आत घ्यायचं, हे मला जमलं नाही. शुक्रवारी मी कळवलं की साक्ष कायम आहे. बसमध्ये घरी येताना मला दोनदा वाटलं की परत जाऊन साक्ष मागे घ्यावी. बस फार हळू जात होती.

मंडळाचा निर्णय मी इथे जसाच्या तसा देते, कारण तर्कशुद्ध लेखनाचा तो नमुना आहे.

(एक) त्या रात्री लो टाइड येथे एकोणीस हजार चारशे श्रोते उपस्थित होते, हे प्रचंड बहुमताने सिद्ध झालेले आहे.

(दोन) त्यांपैकी एकानेही श्री. एल्विन प्रॉसर यांना पाहिलेले नाही. सबब, श्री. प्रॉसर अनुपस्थित होते.

(तीन) श्री. सिरिल बोडनम यांनी श्री. प्रॉसर यांना पाहिले, परंतु खांब पाहिला नाही. सबब, श्री. बोडनम हेही अनुपस्थित होते.

(चार) खांब जागेवर आढळत नाही, ही गंभीर बाब आहे. तो मूळ जागी तातडीने पुन्हा उभारण्यात यावा.

वसंतात फलक लागला. खांबही झाला. ओतीव लोखंडाचा आहे, आणि जुना दिसावा म्हणून त्यावर गंज रंगवलेला आहे. उद्घाटनाच्या दिवशी लोकांनी रांग लावून त्याला टेकून फोटो काढून घेतले. एक म्हातारे गृहस्थ त्यावर हात ठेवून रडले. ते खोटं रडत होते असं मला म्हणता येत नाही. मीही रांगेत होते, माझ्या मागच्या बाईने मला विचारलं, “तुमचं कोण होतं इथे?” माझा नंबर आला तेव्हा मी बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं.

लो टाइडची इमारत फ्लॅटवाल्यांच्या ताब्यात गेल्यावर कबूतर सोसायटीने टेकडीच्या रस्त्यावर, गालिचाच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आहे. सभा महिन्यातून एकदा असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ती खोली तीन मुलींना वाजवायला देतात. एकीकडे गिटार आहे, एकीकडे ड्रम, तिसरी ओरडते. मिस्टर बोडनमांकडे किल्ली असल्यामुळे त्यांना थांबावं लागतं. ते पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसतात आणि मधल्या वेळात मुलींना तक्रारी सांगतात. दारात मी असते. गेल्या गुरुवारी ऐकायला पाच माणसं होती. त्यांतलं एक गालिचा बदलून घ्यायला आलं होतं. मुली अजून वाईट वाजवतात.

वाचक हो, तुमच्या गावातही अशी एक खोली असेल. गालिचाच्या दुकानावर नसेल. पिठाच्या गिरणीवर असेल, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असेल. आज तिथे कोणीतरी वाजवत आहे आणि तुम्ही घरी बसून हे वाचता आहात. वाईट वाटून घेऊ नका. तुमची साक्ष घ्यायला मंडळ येईलच, अजून वीस-तीस वर्षं आहेत. तोवर अंगात कोणतं जॅकेट होतं ते ठरवून ठेवा. आणि दारात कोण उभं असतं, तेवढं कोणाला तरी विचारून ठेवा.